बिदरचे बंदर

समुद्र हा कमलनगरच्या माणसाच्या वाट्याला आलेला विषय नव्हे. आमच्या मुलखात पाणी म्हणजे विहिरीचे, तळ्याचे, फार तर मांजरेचे. आणि मृगाने हूल दिली की तेही डोळ्यांतून काढायचे. भूगोलात भरती-ओहोटीचा धडा आला म्हणजे आम्ही फळ्यावर चंद्र व पृथ्वी काढून मोकळे होतो आणि मुले ते चित्र इमानेइतबारे उतरवून घेतात. त्यांतील बहुतेकांनी समुद्र पाहिलेला नसतो. साहजिकच सुट्टीत कोठे जावे, या प्रश्नाची आमच्याकडची उत्तरे ठरलेली आहेत : गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर, आणि ज्याची ऐपत व हौस दोन्ही बरी त्याने तिरुपती. या उत्तरांत वावगे काहीच नाही. आम्हीही ती वर्षानुवर्षे दिली आहेत.

आमचा एक जुना विद्यार्थी हल्ली जर्मनीत नोकरीस असतो. भूमध्य समुद्राच्या एका फाट्यावर, क्रोएशियात, दुब्रोव्हनिक नावाचे जुने बंदर आहे. तेथे आठ दिवस सुट्टी घालवून त्याने आम्हांस छायाचित्रे पाठविली. गावाभोवती दगडी तट, आत अरुंद गल्ल्या, चर्चचे मनोरे, आणि तटाला धडका देणारे निळे पाणी. खाली त्याने विचारले होते, "सर, आपल्याकडे असे एखादे गाव आहे का?" आम्ही उत्तरी चौल-रेवदंडा असे लिहून पाठविले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे पडले की, नुसते नाव कळवून काय उपयोग, का जायचे तेही लिहा. तेच येथे लिहीत आहोत.

चौल आणि रेवदंडा ही रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस असलेली, एकमेकांना चिकटलेली गावे. उदगीरला रेल्वेत बसावे, लातूर-पुण्यावरून मुंबईस उतरावे, गेटवेवरून मांडव्याची लाँच धरावी, आणि पुढे अलिबागवरून एस. टी.ने चौल गाठावे. आमच्या कर्नाटकातील शाळांना मोठी सुट्टी दसऱ्याची, तर पलीकडे उदगीर-लातूरच्या सोयऱ्यांना दिवाळीची. या तफावतीपायी आमच्याकडची कितीतरी मामेभावंडे एकमेकांशी मनसोक्त खेळलेली नाहीत. पण चौलला जाण्यास दसऱ्याची सुट्टी सोयीची पडते. पावसाळ्यात बंद असलेल्या लाँच तोवर सुरू झालेल्या असतात, वाड्यांमध्ये ओल असते, आणि दिवाळीची गर्दी अद्याप यावयाची असते. आम्ही गेल्या दोन्ही वर्षी त्याच सुट्टीत गेलो.

समुद्र, नारळ आणि मासळी यांसाठी कोकणात कोठेही जाता येईल. चौललाच का जावे, तर बिदरच्या माणसाला तेथे जुनी ओळख निघते म्हणून.

चौल हे फार प्राचीन बंदर. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या लेखनात ते सेमुल्ला, सिमुल्ला अशा नावांनी येते. इ. स. ९१६ च्या सुमारास अल् मसूदी हा अरब प्रवासी तेथे आला, तेव्हा शिलाहार राजा झंझ याचा अंमल होता. पुढे बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बिदरला आली आणि दख्खनच्या पठारावरच्या या गादीला समुद्राची गरज अधिकच भासू लागली. मुख्य गरज घोड्यांची. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे. ते अरबस्तानातून आणि इराणातून गलबतांतून येत, चौल-दाभोळास उतरत आणि घाट चढून आमच्या बाजूला येत. बिदरच्या मदरशाच्या भिंतीवर निळ्या कौलांचे जे तुकडे आजही चमकतात, ती इराणी कला याच समुद्रावरून आली, आणि १४७२ मध्ये तो मदरसा बांधणारा महमूद गवानही दाभोळ बंदरात उतरूनच बिदरला आला होता. आमची मुले सहलीला जाऊन मदरसा पाहतात, त्याचे मजले मोजतात आणि परत येतात. त्या इमारतीचा दरवाजा कोकणात उघडत होता, हे त्यांना कोणी सांगत नाही. पाठ्यपुस्तकात बिदर एका धड्यात आणि कोकण दुसऱ्या धड्यात, त्याला कोण काय करणार!

पण या वाटेचा खरा साक्षीदार एक रशियन आहे. अफनासी निकितीन हा त्वेर गावचा व्यापारी १४७० च्या सुमारास होर्मुझहून गलबतात बसून चौलला उतरला. वास्को द गामा येण्यापूर्वीची ही गोष्ट. विकण्यासाठी आणलेला एक घोडा त्याच्याबरोबर होता. चौलची माणसे उघड्या अंगाने हिंडतात आणि गोरा माणूस पाहून मागे मागे येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. तेथून पाली, मग घाट, मग जुन्नर : तीन आठवड्यांहून अधिक चाल. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर घोडाही देईन आणि वर मोहराही देईन, अशी अट घातली. एका खुरासानी गृहस्थाने रदबदली केली, म्हणून त्या बिचाऱ्याचा धर्मही वाचला आणि घोडाही. भर पावसाळा जुन्नरला काढून तो बिदरला पोहोचला.

बिदरविषयी त्याने जे लिहिले, ते वाचताना आम्हांस आपल्याच गावाचे जुने पत्र हाती आल्यासारखे वाटले. सुलतानाच्या वाड्याला सात दरवाजे, दरवाजादरवाजाशी पहारेकरी, आणि आत कोण गेला, बाहेर कोण आला, हे टिपून घेणारे कारकून. (हजेरीपटाचे हे वेड आमच्या मुलखात इतके जुने असेल, अशी आम्हांस कल्पना नव्हती.) सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातली माणसे हलाखीत असतात, हेही त्या परक्या माणसाच्या नजरेतून सुटले नाही. आळंदच्या उरुसात भरणाऱ्या घोड्यांच्या बाजाराचे वर्णनही त्याने केले आहे. आळंद म्हणजे आपल्या कलबुर्गी जिल्ह्यातलेच ते. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच तो वारला. त्याची टिपणे मात्र उरली. त्याच्यावर १९५७ मध्ये 'परदेसी' हा हिंदी-रशियन चित्रपट निघाला. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचा स्मारकस्तंभ आहे. शाळेच्या आवारात स्तंभ पाहिला की आमचे पाय आपोआप तिकडे वळतात. आम्ही तेथे बराच वेळ उभे होतो. चौलहून बिदरपर्यंत पायी आलेल्या माणसापुढे बिदरकडून आरामात रेल्वेने आलेल्या माणसाने निदान उभे तरी राहावे.

चौल आज एक शांत खेडे आहे. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांतून जाणाऱ्या लाल वाटा, विहिरी आणि अधूनमधून देवळे. रामेश्वराच्या देवळापुढे प्रशस्त पुष्करणी आहे आणि देवळात अग्निकुंड, वायुकुंड व पर्जन्यकुंड अशी तीन कुंडे झाकलेली आहेत. पाऊस फारच ताणला म्हणजे पर्जन्यकुंड उघडावयाचे, अशी तेथील प्रथा. एवढे पाणी असलेल्या गावालाही पावसाची भीती वाटते, याचे आम्हांस नवल वाटले. आम्ही १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे जन्मलेले. खडी फोडायला गेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकत वाढलो. त्या झाकलेल्या कुंडाशी सौभाग्यवतींनी नकळत हात जोडले. जवळच डोंगरावर दत्ताचे स्थान आहे. शेकडो पायऱ्या चढाव्या लागतात, आणि मार्गशीर्ष पौर्णिमेपासून तेथे पाच दिवस मोठी जत्रा भरते. गाणगापूरच्या वारकऱ्यांना परकेपण वाटू नये, एवढी सोय देवाने तेथे करून ठेवली आहे.

मराठीच्या शिक्षकाने आणखी एक थांबा घ्यावा. अलिबागहून चौलला येताना वाटेत आक्षी लागते. तेथील शिलालेख डॉ. शं. गो. तुळपुळे यांनी शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा वाचला. हे वाचन सर्वमान्य नाही, काही अभ्यासक त्यास दोनशे वर्षे अलीकडे आणतात. परंतु मान्य केल्यास तो मराठीचा सर्वांत जुना सनवार लेख ठरतो. आणि त्याच्याशी मानासाठी भांडणारा दुसरा लेख कोठला, तर कर्नाटकातील श्रवणबेळगोळचा! सीमेवर राहणाऱ्या आमच्यासारख्याला या भांडणात कोणाची बाजू घ्यावी ते कळत नाही.

रेवदंडा हा चौलचा समुद्राकडचा भाग. पोर्तुगीजांनी निजामशहाच्या संमतीने तेथे कोट बांधला, आणि आजचे गाव त्या तटाच्या आतच वसले आहे. आमच्या विद्यार्थ्याला आम्ही मुद्दाम कळविले की, तुझ्या भूमध्य समुद्राचे भांडण येथपर्यंत आले होते. मिरी आणि मसाला तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तेथून व्हेनिसला जात असे. तो व्यापार पोर्तुगीज तोडू लागले म्हणून इजिप्तच्या सुलतानाने आरमार धाडले, आणि १५०८ मध्ये चौलच्या खाडीत झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा मारला गेला. पुढे १७४० च्या तहाने चौल मराठ्यांकडे आले. आज तटावर झाडे उगवली आहेत, चर्चच्या सातखणी मनोऱ्याचे काही मजलेच उरले आहेत, आणि पडक्या भिंतींआड कोणाच्या तरी सुपाऱ्या वाळत घातलेल्या दिसतात. तिकीट नाही, रांग नाही. दुब्रोव्हनिकला एवढे स्वस्त जमले नसते.

खाडीवरचा पूल ओलांडून पुढे गेले की कोर्लई लागते. डोंगराच्या सोंडेवर लांबट किल्ला, टोकाला दीपगृह आणि पायथ्याशी कोळ्यांची व ख्रिस्ती लोकांची वस्ती. पोर्तुगीज १७४० मध्ये निघून गेले, पण त्या ख्रिस्ती वस्तीत त्यांची भाषा राहिली. ती आता पोर्तुगालातल्या माणसाला कळणार नाही. तिचे क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येऊन बसले आहे. बोलणारे असतील हजाराच्या आत-बाहेर. ते तिला 'नो लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. आमच्या बसवेश्वरांच्या मुलखातल्या कानांना तो शब्द प्रथम भलताच लागला. एका अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने तिच्यावर ग्रंथ लिहिला आहे. गावात तिला शाळा नाही, पाठ्यपुस्तक नाही. जवळजवळ पावणेतीनशे वर्षे ती केवळ चुलीपाशी आणि अंगणात शिकविली गेली.

मासळी निवडत बसलेल्या एका आजींना आम्ही विचारले, "आजी, पोरं बोलतात का ही भाषा?"

"घरात बोलतात," त्या मराठीत म्हणाल्या. "शाळेत मराठी. मग मराठीच तोंडात बसते त्यांच्या. काय करणार गुरुजी, शाळा तर हवीच."

आम्ही गुरुजी आहोत, हे त्यांनी कशावरून ओळखले कोण जाणे. आम्हांस पुढे काही सुचेना. आमच्या तालुक्यात दर जूनमध्ये आम्ही मराठी शाळेचा पट मोजतो, घरोघर जाऊन पालकांना विनवितो, आणि मराठी वर्ग बंद पडू नये म्हणून वरिष्ठांना अर्ज लिहितो. तिकडे आमची भाषा धाकटी. येथे ती थोरली होती, आणि धाकटीला घरात कोंडून स्वतः शाळेत बसली होती. कन्नडविषयी आम्ही आजवर जी गाऱ्हाणी केली, त्यांतली काही त्या आजींच्या तोंडी मराठीविषयी शोभली असती. त्यांनी मात्र गाऱ्हाणे केले नाही. सौभाग्यवतींना मूठभर सुका जवळा कागदात बांधून दिला.

राहण्या-जेवण्याची चिंता नको. चौल-रेवदंड्यास वाड्यांमधून घरगुती सोय होते. शाकाहाऱ्यांसाठी वालाचे बिरडे आणि भाताची भाकरी असते. थंडीत जाणाऱ्याने भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेली पोपटी चुकवू नये. चार दिवस पुरतात. त्यांतला एक पूर्ण दिवस कोर्लईला द्यावा.

यंदाच्या दसऱ्याला शाळेतील दोन शिक्षकांची कुटुंबे आमच्याबरोबर निघणार आहेत. निघण्यापूर्वी मुलांना बिदरचा मदरसा पुन्हा एकदा दाखवून आणावयाचा, एवढे ठरले आहे. चौलला पोहोचल्यावर रामेश्वर आधी की समुद्र आधी, यावर मात्र अद्याप एकमत झालेले नाही.