आजीची पोपटी

आमच्या घरी रविवार हा आठवड्यातील सर्वांत कडक शिस्तीचा दिवस असे. सकाळी दाढी, मग धोब्याचा हिशेब, मग आमचे पाढे व शुद्धलेखन, हा बाबांचा क्रम ठरलेला होता. आणि तो त्यांच्या रोजनिशीत आठवडाभर आधीच लिहिलेला असे. सहलीला जायचे झाले, तर तिची तारीख महिन्यापूर्वी मुक्रर होई. तो दिवस उजाडेपर्यंत आमचा निम्मा उत्साह मावळून गेलेला असे.

शनिवार मात्र आमचा होता. शाळा लवकर सुटे, बाबा कचेरीतून यायला अवकाश असे, आणि आई दुपारी जरा आडवी झाली की स्वयंपाकघर ताईच्या व माझ्या ताब्यात येई. मग आम्ही 'प्रयोग' करीत असू. शिऱ्यात चिंच घालून पाहिली, कांद्याचे सरबत करून पाहिले. आमच्या चाळीखालचा कुत्रा कशालाही नाही म्हणत नसे. परंतु त्या सरबताकडे पाहून तोही निघून गेला. पेरूची भजी तेवढी उत्तम झाली होती, हे माझे मत अजूनही कायम आहे.

१९७४ सालच्या जानेवारीतील एका शनिवारी आमच्या प्रयोगाला कारण मात्र निराळे होते. आजी नुकतीच गावाहून मुंबईस आली होती. आमचे गाव रेवसहून अलिबागेला जाणाऱ्या वाटेवर, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात. (१९८१ साली त्या जिल्ह्याचे नाव रायगड झाले.) आजीच्या डोळ्यांना दिसेनासे झाले, म्हणून बाबांनी गावच्या घराला कुलूप लावून तिला आणले होते. ती कुरकुर करीत नसे. खिडकीशी बसून राही. जेवायला बसली, की दोन घास खाऊन "पुरे" म्हणे. आईने नाना प्रकार करून वाढले, उत्तर तेच, "पुरे."

"आजीला पोपटी करून घालू या," ताई म्हणाली. पोपटी म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, एवढेच आम्हांला ऐकून ठाऊक होते. एवढे ज्ञान आम्हांला पुरेसे वाटले! पाण्याचा माठ रिकामा केला, बाजारातून पावट्याच्या शेंगा आणल्या, पाला हवा म्हणून कोबीची पाने घातली, आणि गच्चीवर फुटक्या खोक्याच्या फळ्या रचून वर माठ ठेवला. धूर मावेना. खालच्या मजल्यावरून "आग! आग!" अशी ओरड झाली. चाळीतील चार माणसे बादल्या घेऊन धावत वर आली आणि त्याच क्षणी माठ फाडकन फुटला. त्याच्या अंगात मुरलेल्या पाण्याची वाफ झाली होती, हे मला पुढे कळले. त्या वेळी कळला तो केवळ शेजाऱ्यांचा राग.

बाबा घरी आले तेव्हा आम्ही दोघे भिंतीशी उभे होतो. समोर ताटलीत अर्ध्या कच्च्या, अर्ध्या कोळसा झालेल्या शेंगा. बाबा बोलणार, इतक्यात आजी म्हणाली, "आण पाहू इकडे." तिने एक शेंग चाचपली, हुंगली, आणि ती हसू लागली. मुंबईला आल्यापासून आम्ही तिला हसताना पाहिले नव्हते.

"अरे, भांबुर्डीचा पाला कुठे आहे? आणि मडके उपडे ठेवायचे असते. सुलटे ठेवले तर वाफ राहील कशी?" ती बोलतच राहिली. वालाचे शेत, बांध, कोणत्या वर्षी किती शेंगा आल्या. तासभर ती बोलत होती. बाबा तिच्याकडे पाहत उभे होते. त्यांनी रोजनिशी उघडली, रविवारचे पान पाहिले आणि मिटून ठेवली.

"उद्या सकाळच्या लाँचने जाऊ. संध्याकाळच्या लाँचने परत," ते म्हणाले. आईने दोनदा विचारून खात्री करून घेतली.

भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली. आजीला समुद्र नीट दिसत नव्हता. तरी रेवस जवळ आले, तेव्हा सर्वांच्या आधी तीच उठून उभी राहिली. गावात पोहोचलो, तर शेजारचे नाना शेतातच होते. आमच्याकडे भाताची कापणी झाली, की त्याच जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरतात. वरून पाणी न देताही ते पौषात शेंगांनी लगडतात. आम्ही शेंगा तोडल्या. बांधावरचा भांबुर्डीचा पाला आजीने स्वतः निवडला. त्याला उग्र वास असतो; त्यामुळे तिचे डोळ्यांवाचून अडले नाही.

कोरड्या मडक्याच्या तळाशी पाला अंथरला. त्यावर शेंगा, जाडे मीठ, ओवा, मधूनमधून बटाटे व रताळी. तोंडाशी पुन्हा पाला दाबून बसविला. पाण्याचा एक थेंबही नाही! शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगचा रस तापून त्याचीच वाफ होते, आणि मडके उपडे असल्यामुळे ती आत कोंडून राहते. सभोवती पेंढा, झावळ्या व गोवऱ्या रचून नानांनी जाळ केला.

या सर्व खटाटोपात दुपार कलली होती. बाबा घड्याळ पाहू लागले. "अर्धा तास झाला. आता काढू या," ते म्हणाले.

"अजून वास आला नाही," आजी म्हणाली.

पाच मिनिटांनी बाबांनी पुन्हा विचारले. आजीने मान हलविली. शेवटची लाँच चुकणार, हे आम्हां सर्वांना दिसत होते. सोमवारी कचेरी होती, शाळा होती. बाबांनी कधी एक दिवसही खाडा केला नव्हता. ते काही वेळ जाळाकडे पाहत राहिले. मग त्यांनी मनगटावरचे घड्याळ काढून खिशात टाकले आणि ते आजीशेजारी जमिनीवर बसले.

थोड्या वेळाने आजीने चेहरा वर केला. "हं. आता काढा."

ओल्या गोणपाटाने मडके उचलून केळीच्या पानावर ओतले. ओव्याचा, पाल्याचा आणि धुराचा असा एक वास उठला, की बोलणे थांबले. दाणे लोण्यासारखे मऊ झाले होते. किती खाल्ले ते कोणी मोजले नाही; आजीने तर "पुरे" हा शब्दच उच्चारला नाही. रात्री घराचे कुलूप उघडले. आजीने आतल्या खांबावरून हात फिरविला, चूल कुठे, देव्हारा कुठे, हे न चाचपता सांगितले, आणि ओटीवर आमच्या मधोमध ती झोपली.

सोमवारी पहाटे निघालो, तरी बाबांना कचेरीत पोहोचायला उशीर झालाच. रात्री मुंबईच्या घरी पाने वाढली. आजीने आमटीचा भुरका मारला, क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सूनबाई, आमसूल कमी पडले आहे हो."

आपल्या स्वयंपाकाला कोणी नाव ठेवलेले आईला मुळीच खपत नसे. पण ती लगबगीने उठली आणि आमसुलाची बरणीच घेऊन आली.