यंत्राचा दुभाष्या

सोलापूरला भाषांची वाण नाही. आमच्या पूर्व भागात एका गल्लीत तेलुगू, पुढच्या वळणावर मराठी आणि भाजीच्या पाटीपाशी कन्नड, असा रोजचा संसार चालतो. घरी तेलुगू बोलून महाविद्यालयात मराठी वाङ्मय शिकणाऱ्या माझ्यासारखीला दुभाष्याचे मोल कुणी सांगावे लागत नाही. परंतु लोखंड कापणाऱ्या यंत्रालाही दुभाष्या लागतो, हे मला गेल्या वर्षीच कळले.

माझे आजोबा मागावर होते. वडील (आम्ही त्यांना नान्ना म्हणतो) सातवीनंतर शाळा सोडून लेथवर गेले. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतील एका लहान वर्कशॉपमध्ये ते टर्नर आहेत. यंत्रमागाचे सुटे भाग तेथे होतात. मालकांनी बँकेचे कर्ज काढून संगणकावर चालणारे मिलिंग यंत्र आणले आणि प्रश्न पडला, त्याच्यासाठी 'कॅम' सॉफ्टवेअर कोणते घ्यावे? कॅम म्हणजे संगणकावरील आकृती पाहून टूल कोठून, किती खोल, किती वेगाने फिरावे हा मार्ग आखून देणारी प्रणाली.

विक्रेते आले. पडद्यावर रंगीत जॉब गरगर फिरला. मालक खूश झाले. नान्ना गप्प राहिले. प्रोग्रॅम बाहेरच्या माणसाकडून करून घ्यावेत, मिस्त्रींनी बटण दाबावे, असेही बोलणे निघाले होते. इतक्या वर्षांच्या कारागिराला बटण दाबणारा होणे किती जड जात असेल! त्या रात्री माहितीपत्रकांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवून ते एवढेच म्हणाले, "तुला इंग्रजी येतं. वाचून सांग."

वाचता वाचता मलाच गोडी लागली. यंत्राला चित्र कळत नाही. त्याला ओळी कळतात. 'जी ०१' म्हणजे सरळ रेषेत कापत जा, 'जी ०२' म्हणजे घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळ, 'एम ०३' म्हणजे स्पिंडल फिरव. पण जपानच्या फानुकची बोली वेगळी, जर्मनीच्या सीमेन्सची वेगळी. आखलेला मार्ग त्या त्या बोलीत उतरवणाऱ्या भागाला 'पोस्ट प्रोसेसर' म्हणतात. हाच तो दुभाष्या! काही यंत्रांवर 'एक्स ५०' पुढे टिंब दिले तर ते ५० मिलिमीटर होतात आणि टिंब राहिले तर मिलिमीटरचे ५० सहस्रांश. आमचा अनुस्वार चुकला तर अर्धा गुण जातो. तेथे टूल मोडते.

हे नान्नांना सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "हे तर जकार्डचे पत्तेच!" खरेच होते. फ्रान्समधील लिऑनच्या जाकारने १८०४ साली भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला. सोलापुरी चादरीवरची नक्षीही आलेखाच्या कागदावरून अशाच पत्त्यांवर उतरत आली. पुढे १९५२ साली अमेरिकेतील एमआयटीत मिलिंग यंत्र चालवून दाखवले, तेही भोके पाडलेल्या कागदी फितीवर. कागदावर नक्षी कितीही देखणी असो, मागावर उतरेल तीच खरी, असे आजोबा म्हणत.

नान्नांनी मालकांपुढे तीन प्रश्न ठेवले. निघालेला कोड हात न लावता आपल्या यंत्रावर चालेल का? दुभाष्या चुकला तर दुरुस्त कोण करणार आणि किती दिवसांत? वर्षाची वर्गणी थांबवली तर जुनी कामे उघडतील का? पाच अक्षांची करामत त्यांनी बाजूलाच सारली, कारण आमचे यंत्र तीन अक्षांचे. फ्रीकॅड फुकट मिळते, पण त्याचा दुभाष्या आपणच सांभाळायचा. तेवढे जाणणारे वर्कशॉपमध्ये कुणी नव्हते.

शेवटी एकच बेअरिंग हाउसिंग दोन सॉफ्टवेअरमधून काढून घेतले. नान्नांनी कोड कागदावर छापून ओळ न् ओळ तपासला, मग टूल जॉबच्या वर हवेतच फिरवून पाहिले. ज्याचा पडदा अधिक देखणा, त्याच्या कोडमध्ये प्रत्येक टूल बदलताना हाताने दुरुस्ती करावी लागली. दुसरे साधे होते, पण त्याचा कोड तसाच चालला, आणि नान्नांना तो वाचता आला. मालकांनी तेच घेतले. प्रोग्रॅमही आता नान्नांच्या देखरेखीखाली होतात. लेथ सुटल्याची हुरहूर मात्र त्यांना आहे. हाताला लागलेले वळण असे एका वर्षात सुटत नाही.

भाषांतराच्या तासाला आपण मूळ कृती आणि भाषांतरकार यांची चर्चा करतो. ते शब्द ज्याच्या हाती जाऊन काम करायचे, त्याला विचारायचे राहून जाते. लाखोंचे यंत्र घेणारेही पुष्कळदा तेच करतात. नान्ना विचारले गेले, कारण त्यांनी स्वतःहून प्रश्न मांडले. आणि प्रश्न मांडता आले, कारण घरात कुणीतरी ते कागद वाचणारे होते. शिक्षणाचा उपयोग काय, असे शेजारी आम्हाला विचारतात, तेव्हा मला हे आठवते.

सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून त्या संकेतांचा मराठी तक्ता तयार केला. आयटीआयमधून येणारी नवी मुले तो यंत्राशेजारी उभी राहून वाचतात. 'कूलंट'ला मराठी शब्द मी शोधत होते. नान्ना म्हणाले, राहू दे, कूलंटच लिही.