मनीकी नदीकाठचे वार्धक्य

दक्षिण अमेरिकेच्या जंगलात अशी एक जमात आहे की जिला हृदयविकार ठाऊकच नाही, असा संदेश कधी ना कधी आपल्याही मोबाइलवर आला असेल. ‘ते लोक एकही गोळी घेत नाहीत, मग आम्ही का घ्यावी?’ हा प्रश्न घेऊन ज्येष्ठ मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. संदेशातील माहिती बरीचशी खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र घातक आहे. त्या लोकांचे प्रत्यक्ष जीवन कसे आहे हे संदेशात कोठेच नसते, म्हणून हा लेखनप्रपंच.

ही जमात म्हणजे चिमाने. बोलिव्हिया देशात, अँडीज पर्वताच्या पूर्वेकडील पायथ्याशी, बेनी प्रांतात मनीकी नावाची नदी आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील हा सखल, दमट, घनदाट अरण्याचा मुलूख. या नदीच्या आणि आसपासच्या प्रवाहांच्या काठी सुमारे १६ हजार चिमाने लहान लहान वस्त्या करून राहतात. ताडाच्या जातीच्या झाडांच्या पानांनी शाकारलेली घरे, बहुधा एकाच नात्यागोत्यातील माणसांची, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. बाजारहाटाचे गाव सान बोर्हा. आतल्या वस्त्यांतील माणसांना तेथवर यायचे तर झाडाचे खोड कोरून केलेली होडी वल्हवीत यावे लागते.

रान तोडून आणि जाळून मोकळ्या केलेल्या तुकड्यांत ते भात, मका, भाजीची केळी आणि कसावा पिकवतात. आपल्या उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोच हा कसावा. त्याचे मूळ घर दक्षिण अमेरिकाच. आपली एकादशी आणि त्यांचे रोजचे जेवण असे एका कंदाने जोडलेले आहे! शिवाय नदीतील मासे आणि जंगलातील शिकार. त्यांच्या आहारातील सुमारे ७२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात, स्निग्ध पदार्थांतून जेमतेम १४ टक्के. भात आणि केळी यांना शत्रू मानणाऱ्यांना हे ऐकून नवल वाटेल. पण तो भात कोंड्यासकट असतो, तेल-साखर नाममात्र असते, आणि प्रत्येक घासामागे अंगमेहनत असते.

आता त्या प्रसिद्ध संशोधनाविषयी. २०१७ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रकाशित झाले. ४० ते ९४ वर्षे वयाच्या ७०५ चिमाने स्त्री-पुरुषांना नदीमार्गे आणि रस्त्याने त्रिनिदाद शहरात आणून त्यांच्या हृदयाचे सीटी स्कॅन करण्यात आले. हृदयाच्या धमन्यांत साचलेले कॅल्शियम मोजणे हा हेतू होता, कारण धमन्या कठीण होत चालल्याची ती खूण असते. १०० पैकी ८५ जणांच्या धमन्यांत कॅल्शियम मुळीच नव्हते. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांतही जवळजवळ दोन-तृतीयांश लोकांच्या धमन्या स्वच्छ निघाल्या. अमेरिकेतील तुलनेच्या गटात असे लोक १०० पैकी फक्त १४ होते. पुढे २०२२ साली, साठीपुढील चिमाने लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाणही सुमारे १ टक्काच आढळले; वयोमानानुसार येणारा सौम्य विसराळूपणा मात्र तेथेही आहे.

या आकड्यांवर भाळून जाण्यापूर्वी दुसरी बाजू पाहावी. १९९० ते २००२ या काळात चिमाने बालकाचे जन्माच्या वेळचे अपेक्षित आयुर्मान सुमारे ५३ वर्षे होते. जुलाब, न्यूमोनिया, क्षयरोग यांनी तेथे माणसे दगावतात. बहुसंख्य लोकांच्या पोटात जंत असतात. अनेक आयांनी आपले एखादे मूल गमावलेले असते. लस, प्रतिजैविके, शुद्ध पाणी आणि वेळेवर मिळणारा डॉक्टर हे आपल्याला लाभलेले देणे तेथे दुर्मीळच. तेव्हा अरण्य म्हणजे आरोग्यधाम ही कल्पना सोडून द्यावी. आणि ज्यांच्या धमन्यांत आधीच चरबी साचली आहे, ज्यांचा रक्तदाब चढा आहे, त्यांनी चिमाने लोकांकडे बोट दाखवून गोळ्या बंद करणे म्हणजे पोहणाऱ्याकडे पाहून आपण होडीतून उडी मारणे होय.

मग त्यांच्याकडून घ्यावे काय? माझ्या मते उत्तर त्यांच्या ताटात नाही, त्यांच्या दिवसात आहे. चिमाने पुरुष दिवसाचे सहा-सात तास, स्त्रिया चार-सहा तास शरीर हलते ठेवणाऱ्या कामात असतात. साठी उलटली म्हणून तेथे कोणी निवृत्त होत नाही. फक्त काम बदलते. शिकारीचे बळ ओसरले की माणूस मासेमारीला, शेतातील तणाला, अवजारे घडवण्याला लागतो. आजी उखळात भात कांडते, चटया आणि पिशव्या विणते, नातवंडे सांभाळते. कथा सांगणे, गाणी म्हणणे, वाद्ये बनवणे यांतले खरे जाणते म्हणून तेथे वृद्धांकडेच पाहिले जाते. ज्ञानाला बळ लागत नाही, आणि पुस्तके नसलेल्या गावात ते ज्ञान म्हाताऱ्यांपाशीच असते.

२०१४ साली याच लोकांवर झालेला आणखी एक अभ्यास मात्र संदेशांतून फिरत नाही. चिमाने वृद्धांतही नैराश्य आढळते, आणि ते अधिक आढळते कोणात? ज्यांच्या शरीराने साथ सोडली आहे, जे पूर्वीसारखे काम करू शकत नाहीत आणि ज्यांचे घरच्यांशी खटके उडतात त्यांच्यात. धमन्या स्वच्छ असूनही ‘मी आता भार झालो’ ही भावना तेथील म्हाताऱ्यालाही पोखरते.

अलीकडे मनीकीवर इंजिनाच्या होड्या आल्या आहेत. वल्ही मारावी लागत नाहीत. साखर आणि खाद्यतेल सहज पोहोचते. वस्ती बाजाराच्या जितकी जवळ तितका आहारातील बदल अधिक. आजारी मूल लवकर इस्पितळात पोहोचवणारी होडी नको, असे मी तरी म्हणणार नाही.

म्हणून आई-वडिलांना घेऊन येणाऱ्या मुलासुनांना मी रक्तदाब मोजून झाल्यावर एक प्रश्न विचारतो: घरातील कोणते काम यांचे स्वतःचे आहे? ‘आम्ही काहीच करू देत नाही, डॉक्टर,’ असे उत्तर बहुधा अभिमानाने येते. त्यामागचे प्रेम मला दिसते. खुर्चीत बसलेल्या आजोबांचा चेहराही दिसतो.

काळजीवाहकांनो, काम प्रकृती पाहून द्यावे. तोल जात असेल तर स्टुलावर चढणे, ओल्या फरशीवर वावरणे, जड उचलणे पूर्णपणे वर्ज्य. चालताना छातीत दुखत असेल वा धाप लागत असेल तर आधी तपासणी, मग काम. पण भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, कुंड्यांना पाणी, नातवाचा अभ्यास, दुधाचा हिशोब यांतले काहीतरी त्यांच्या नावावर असू द्यावे. ते त्यांच्या गतीने होऊ द्यावे. मटार सोलायला तास लागला तर लागू द्यावा. आणि त्यांची पाठ वळताच ते पुन्हा निवडायला बसू नये. त्यांना ते कळते.