थांबता येणं

परवा रात्री टोरांटोहून लेकाचा फोन. नात तिकडे बर्फावरची हॉकी खेळते. "बाबा, तिच्या सरावासाठी घरी स्केटिंगची ट्रेडमिल घेऊ का?" आता कुर्ल्यात जन्म काढलेल्या मला काय कळणार? मी बर्फ पाहिला तो उसाच्या रसात!

पण मास्तरकीची खोड जात नाही. सगळं नीट विचारून घेतलं. प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पट्टा मागे सरकत राहतो, पडू नये म्हणून मुलाला वरून दोराने बांधतात, हवा तसा चढही देता येतो. प्लास्टिकवर घर्षण बर्फापेक्षा जास्त, म्हणून त्याच वेगाला दम अधिक लागतो. पोर एकाच जागी असल्याने गुडघा किती वाकतो, पाय कुठे पडतो हे शिकवणाऱ्याला जवळून दिसतं. फायदा खराच. पण गर्रकन वळणं, थांबणं, समोरच्याला चुकवणं त्यावर येत नाही.

"तिचं अडतं कुठे?"

"थांबताना पडते."

"मग हे यंत्र कशाला?"

तो गप्प. मग मीही गप्प झालो. दहावीत याचं अडायचं भूमितीत आणि मी घड्याळ लावून सोडवून घ्यायचो बीजगणित. कारण तिथे गुण भराभर वाढायचे ना! कुठे अडतंय, हे वर्गातल्या पोरांना रोज विचारलं, घरच्याला नाही.

शेवटी ठरलं. यंत्र घ्यायचं नाही. प्रशिक्षकाकडे आठवड्यातून एकदा ट्रेडमिल, बाकी दिवस रिंकवर फक्त थांबायचा सराव.

फोन ठेवताना म्हणाला, "बाबा, भूमिती मला अजून येत नाही."

दोघंही हसलो. मी जरा उशिरा.