तंबोऱ्याची तबली

ईद चार दिवसांवर आली होती. मिरजेतल्या आमच्या कारखान्यात मी घाईने तंबोरा उरकला. भोपळ्यावर बसवायची लाकडी तबली जाडच ठेवली. नक्षी देखणी झाली, पण तारा छेडल्या तर आवाज दबका. "जवारी काढली की खुलेल," मी म्हणालो.

अब्बांनी तबलीवर बोट वाजवले. "घोडीवरची जवारी तारेला झंकार देते, बेटा. तो घुमवायचे काम तबलीचे आणि भोपळ्याचे. तबली जाड राहिली तर थरथरत नाही. फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खचते."

गिऱ्हाइकाला कळलेही नसते. अब्बांनी मात्र तबली उतरवून पुन्हा तासायला लावली. पैसे ईदनंतर मिळाले. त्या ईदला आम्हां भावंडांना नवे कपडे आले नाहीत. शिरखुर्मा मात्र हलाल कमाईचा होता.