कोपऱ्यांतला गडी

खेळाच्या मैदानावर ज्याचें नांव घेऊन लोक ओरडतात तोच तेथला थोर खेळाडू, असा एक समज जगांत सर्वत्र रूढ आहे. आणि जो समज सर्वत्र रूढ असतो तो खरा असलाच पाहिजे, हा दुसरा समज त्याच्या पाठीशीं उभा असतो. आमच्या हुतूतूचेंच उदाहरण घ्या. (हुतूतूस आतां कबड्डी म्हणतात, आम्हीहि पुढें तेंच नांव वापरूं, कारण जुन्या नांवासाठीं वाचकांशीं भांडण्यांत आम्हांस पुरुषार्थ दिसत नाहीं.) चढाईस जाणारा गडी एकटा सात जणांच्या अंगणांत शिरतो, मांडीवर थाप मारतो, तीस सेकंदांच्या आंत एकदोघांना बाद करून मध्यरेषेस हात लावतो, आणि प्रेक्षक मैदान डोक्यावर घेतात. त्याच्या समोर अगदीं टोंकास, बाजूच्या रेषेला लागून, गुडघे वांकवून व एक हात शेजाऱ्याच्या हातांत देऊन जो उभा असतो, त्याला पाहण्यासाठीं कोणी तिकीट काढीत नाहीं. अशा एका गड्याची पारख करण्याचें काम गेल्या उन्हाळ्यांत वरवे बुद्रुक येथें आमच्यावर येऊन पडलें. त्या निमित्तानें जे विचार मनांत आले ते वाचकांपुढें मांडीत आहों.

वरवे बुद्रुक हें भोर तालुक्यांतलें, पुणें-सातारा महामार्गावरचें गांव. आमचे चुलतबंधू तेथें भातशेती करतात. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गांवच्या संघांत डाव्या कोपऱ्यावर खेळतो. शिरवळच्या एका कारखान्यांत त्याच्या नोकरीचें जवळजवळ ठरलें होतें, आणि नेमकी त्याच सुमारास संघनिवडीची चांचणी जाहीर झाली. चांचणींत निवड झाली तर पुढें दोन महिने शिबिर. शिबिरास गेला तर कारखान्यांतली जागा दुसऱ्यास जाणार. घरांत हाताशीं आलेला मुलगा हा एकच. बंधूंनीं आम्हांस बोलावून घेतलें आणि आडपडदा न ठेवतां विचारलें, "दादा, पोरगं खरंच कामाचं हाय, का नुसतं गावचं कौतुक? तुमी बघा आन् सांगा." कॉलेजांत इंग्रजी कविता शिकविणाऱ्या माणसास पकडींतलें काय कळणार, अशी शंका वाचकांस येईल. परंतु खेड्यांत ज्याला एक गोष्ट कळते त्याला सर्वच कळतें अशी भाबडी श्रद्धा असते, आणि ती मोडणें आमच्या जिवावर आलें.

आम्ही पांच सामने पाहिले. मास्तरकीच्या संवयीनें वही घेऊन बसलों व प्रत्येक पकड टिपून ठेवली. पांच सामन्यांत मिळून मुलाच्या नांवावर चार पकडी लागल्या. त्याच संघांतल्या उजव्या कोपऱ्याच्या नांवावर तेरा. वही पाहून बंधु म्हणाले, "म्हंजे शिरवळच बरं." वहीपुरतें तें खरें होतें. परंतु डोळ्यांनीं जें दिसलें तें असें कीं, चढाईस येणारा गडी पहिल्या एकदोन खेपांस डाव्या कोपऱ्याकडे डोकावून पाही आणि पुढें सामना संपेपर्यंत उजवीकडेच वळे. पोरानें पुढचा पाय वीतभर सरकवला कीं चढाईवाला आपला लांबविलेला पाय आखडता घेई. डाव्या बाजूनें बोनस रेषा ओलांडण्याचा प्रयत्न पांच सामन्यांत कितीसा झाला असेल! म्हणजे डाव्या कोपऱ्याच्या धाकानें जे उजव्या कोपऱ्याच्या हातांत सांपडले, ते सारे उजव्याच्या खात्यावर जमा झाले. वहींत घडलेल्या गोष्टींना रकाना असतो. घडूं न दिलेल्या गोष्टींना नसतो.

हा घोळ आमच्या भोर तालुक्यापुरताच आहे असें मात्र नाहीं. अमेरिकेंत फुटबॉल नांवाचा एक खेळ आहे, ज्यांत पायांचा चेंडूशीं संबंध बेताचाच येतो. त्यांत चेंडू फेंकणारा जो नायक, तो बहुधा उजवा असतो, आणि फेंकण्यासाठीं अंग वळविलें म्हणजे डावी बाजू त्याच्या पाठीमागें जाते. त्या न दिसणाऱ्या बाजूनें अंगावर येणाऱ्या धिप्पाड गड्याला जो थोपवून धरतो त्यास 'लेफ्ट टॅकल' म्हणतात. नांव पकडीचें आहे खरें, पण या माणसास पकडण्याचीच मनाई. प्रतिपक्ष्याला धरून ठेवलें तर त्याच्या संघाला दहा यार्डांचा दंड होतो. धरल्यावांचून अडवावयाचें, हें त्याचें कसब. त्यानें काम चोख केलें तर कोणाचें त्याच्याकडे लक्ष जात नाहीं, आणि एकदां चुकला तर नायकाचें हाड मोडतें. १९८५ सालीं वॉशिंग्टनच्या जो थाइझमनचा पाय लॉरेन्स टेलरच्या झडपेखालीं मोडला तो प्रसंग असंख्य लोकांनीं दूरचित्रवाणीवर पाहिला.

तेथले व्यावसायिक संघ कॉलेजांतून बाहेर पडणारे गडी दर वर्षीं पाळीपाळीनें वांटून घेतात, आणि मागच्या हंगामांत तळाशीं गेलेल्या संघास सामान्यतः पहिली पाळी मिळते. ही पद्धति १९३६ सालापासूनची आहे; त्याच सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे लोक बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं आपले देशी खेळ करून दाखवीत होते. पाळीपूर्वीं इंडियानापोलिस शहरीं उमेदवारांना एकत्र आणून त्यांचें सर्व कांहीं मोजतात: उंची, वजन, तळहाताची रुंदी, चाळीस यार्ड धांवण्यास लागलेले सेकंद, दोनशें पंचवीस पौंडांचा भार किती वेळां उचलला त्याची संख्या. टॅकलच्या बाबतींत तर हाताची लांबी इंचाच्या अपूर्णांकापर्यंत लिहून घेतात, आणि ती चौतीसाच्या बरीच आंत भरली म्हणजे पारखी लोक नाक मुरडतात. हें वाचतांना आम्हांस बाजारांत बैलाचा जबडा उघडून दांत पाहणारे शेतकरी आठवले. फरक एवढाच कीं, शेतकरी नंतर बैल औताला जुंपून दोन तास घेऊन पाहतो.

या मोजमापानें केवढा चकवा बसतो याचा दाखला १९८९ सालचा आहे. त्या वर्षीं टोनी मँडरिच नांवाचा टॅकल ग्रीन बेच्या संघानें दुसऱ्या पाळीला उचलला. असें शरीर व अशी चपळाई एकत्र कधीं पाहिली नाहीं, असें तेव्हांचे जाणते म्हणत होते. पहिल्या पांच पाळ्यांत निवडलेले बाकीचे चौघेहि पुढें त्या खेळाच्या कीर्तिमंदिरांत जाऊन बसले. मँडरिचनें मात्र तीन हंगामांत ग्रीन बेची पूर्ण निराशा केली. कॉलेजांतल्या त्या शरीरामागें उत्तेजक औषधें होतीं हें त्यानें २००८ सालीं स्वतःच सांगितलें. याच्या उलट जो टॉमस. २००७ सालीं क्लीव्हलंडनें त्याला तिसऱ्या पाळीला घेतला, त्या वेळीं हा गृहस्थ समारंभ सोडून वडिलांबरोबर मिशिगन सरोवरांत मासे धरीत होता! पुढें २०१७ सालीं दंडास इजा होईपर्यंत तो ओळीनें १०,३६३ डाव खेळला, मधला एकहि न चुकवतां. गंमत अशी कीं त्याच्या साऱ्या कारकीर्दींत त्याचा संघ बाद फेरीपर्यंत एकदांहि पोंचला नाहीं. पाठीमागचें दार अकरा वर्षें ज्यानें बंद ठेवलें, त्याच्या घरांत पुढच्या दारानें चोरी होत राहिली.

आमच्याकडे पाळी नाहीं, लिलाव आहे. माणसाच्या बाबतींत हा शब्द आमच्या कानास अजून खटकतो, पण खटकणारा शब्द पुष्कळदां खरा असतो. प्रो कबड्डी २०१४ सालीं सुरू झाली तेव्हां सर्वांत मोठी बोली राकेश कुमारची, बारा लाख ऐशी हजारांची होती. चारच वर्षांनीं, २०१८ च्या लिलावांत, एक कोटीचा आंकडा प्रथम गांठला तो एका कोपऱ्यांतल्या गड्यानें. ईराणचा फजल अत्राचली, डावा कोपरा. त्याला यू मुंबानें घेतला. त्याच लिलावांत आणखी पांच जण कोटीच्या वर गेले, पण त्यांची मदार मुख्यतः चढाईवर होती, आणि सर्वांत वरची एक कोटी एक्कावन्न लाखांची बोलीहि मोनू गोयत या चढाईच्याच गड्याची ठरली. २०२३ सालीं पुणेरी पलटणनें महंमदरझा शादलूई या दुसऱ्या ईराणी डाव्या कोपऱ्यासाठीं दोन कोटी पस्तीस लाख मोजले, आणि १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस अंतिम सामना जिंकून आपलें पहिलें विजेतेपद मिळविलें. त्याच लिलावांत पवन सेहरावतसाठीं याहूनहि मोठी, दोन कोटी साठ लाखांची बोली लावणारा तेलुगू टायटन्सचा संघ त्या हंगामांत अगदीं तळाशीं राहिला. यावरून कोपरा श्रेष्ठ आणि चढाई कनिष्ठ असा सिद्धान्त काढणें पोरकटपणाचें होईल. क्लीव्हलंडची साक्ष नेमकी त्याच्या विरुद्ध आहे.

शिवाय या कोटींच्या बोलींनीं आमच्या प्रश्नाचें उत्तर मिळत नाहीं. अत्राचलीला २०१८ सालीं ओळखणें हें पारखीचें काम नव्हतें. त्याचें कसब तोंवर साऱ्यांनीं पाहिलें होतें. एकोणीस वर्षांच्या अनोळखी पोराला, नांवावर चार पकडी असतांना ओळखणें, ही खरी पारख. ती आम्हांस एका वृद्ध गृहस्थांनीं शिकविली. तरुणपणीं ते मातीवर खेळलेले. आतां गुडघे गेल्यामुळें मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. आमच्या वहीकडे बोट करून ते म्हणाले, "ती मिटा. चढाई तिकडल्या कोपऱ्याला गेली की ह्याच्या पायाकडं बघा. अंगावर आल्यावर समदीच जागी व्हत्यात."

त्यानंतरचे दोन सामने आम्हीं वही मिटून पाहिले. चढाई उजवीकडे असतांना आमचा मुलगा काय करतो? तो रेषा सोडून अर्धें पाऊल आंत येतो, अंग तिरपें ठेवतो, आणि चढाईवाल्याची परत जाण्याची वाट न कळत अरुंद करतो. शेजारच्या गड्याचा हात त्याच्या हातांत असतो. त्या हाताशीं त्याचें सारखें कांहीं तरी बोलणें चालूं असतें: किंचित् ओढ, म्हणजे थांब, ढील दिली, म्हणजे चल. एकदां शेजारी उतावीळ होऊन झेप घेणार, तोंच यानें त्याला मनगटाशीं आवळून जागच्या जागीं ठेविलें. पकड वेळेपूर्वीं केली तर साखळी तुटते, एकाऐवजीं दोन गडी जातात. घोट्याची पकड तर चढाईवाल्याचें वजन मागच्या पायावर परत जाण्यापूर्वींच्या क्षणार्धांतच साधते. तो क्षण येईपर्यंत न हालणें ही या कामांतली निम्मी विद्या आहे, आणि ती कोणत्याहि फितीनें मोजतां येत नाहीं. त्याचा दोषहि आमच्या नजरेस आला. अंगांत जोर कमी आहे. भारी गडी घोटा धरलेला असतांहि त्याला मध्यरेषेपर्यंत ओढीत नेतो, असें दोनदां झालें. तो दोष भाकरीनें आणि व्यायामानें जाण्यासारखा आहे.

आतां चांचणीची रीत पाहा. शेंदीडशें पोरें येतात, संध्याकाळ एक. अनोळखी मुलांचे सात-सातांचे संघ करून पंधरा-वीस मिनिटें खेळवितात. तेथें या मुलाचा धाक कोणास ठाऊक असणार? त्याच्या हातांत परक्याचा हात येणार, ज्याला ओढ आणि ढील यांचा अर्थ कळत नाहीं. निवड करणारे मूर्ख नसतात. परंतु दीडशें मुलांपुढें वही घेऊन बसलेला कोणीहि मनुष्य पकडीच मोजणार, जशा आम्हीं मोजल्या. कॉलेजच्या तोंडी परीक्षेंत आम्ही हेंच वर्षानुवर्षें पाहत आलों आहों: जो प्रश्न संपण्यापूर्वीं उत्तर देतो त्याला गुण अधिक पडतात, आणि जो क्षणभर थांबून प्रश्नाचें वजन घेतो तो मंद ठरतो. बंधूंनाहि हें व्यवहारानें उमगलें होतें. ते मुलाला म्हणाले, "तितं थांबत बसू नको. येईल त्याला धर. दिसलं पाह्यजे!"

आमच्या मतें हा सल्ला चांचणीपुरता शहाणपणाचा आणि पोराच्या दृष्टीनें घातक होता. निवडून येण्यासाठीं त्यानें ज्या गुणामुळें निवडावें तोच टाकून द्यावयाचा, आणि मग शिबिरांत गेल्यावर तो पुन्हां अंगीं आणावयाचा, हें आम्हांस शक्य दिसत नाहीं. उतावीळपणाला शाबासकी मिळाली म्हणजे तो पाहुणा म्हणून राहत नाहीं. आम्हीं बंधूंना दोन्ही गोष्टी स्पष्ट सांगितल्या: मुलगा निश्चित कामाचा आहे, आणि चांचणींत तो दिसण्याची आशा थोडी आहे. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "दोन महिनं म्हंजे सगळी लावणी." शिरवळची नोकरी जाणार होती ती गोष्ट निराळीच; भात लावावयास माणूस नसेल हें त्यांच्या डोळ्यांपुढें आधीं आलें. आम्हीं त्या कामाच्या मजुरीचा भार घेऊं असें म्हटलें. त्यांनीं हो म्हटलें नाहीं, नाहींहि म्हटलें नाहीं.

मुलगा ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत होता. त्याला कोटींच्या बोलींची चौकशी नव्हती, निवड होईल कीं नाहीं हेंहि त्यानें विचारलें नाहीं. त्याचा प्रश्न एवढाच होता: "काका, तितं माज्या हाताला कोन आसंल?"

त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें, पण एक उपाय होता. गांवच्या संघांत त्याच्या हाताशीं खेळणाऱ्या शेजारच्या मुलानें अर्ज केला नव्हता. मुदतीचा शेवटचा दिवस दुसराच होता. त्या मुलाच्या घरीं जाऊन आम्हीं त्याच्या वडिलांची समजूत घातली आणि अर्ज भरून घेतला. दोघांना एकाच सातांत ठेवतील अशी खात्री कोणीच देऊं शकत नव्हतें. चांचणीच्या दिवशीं दोघे एकाच मोटारसायकलवरून निघाले. बंधूंनीं दोघांच्याहि भाकरी एकाच फडक्यांत बांधून दिल्या होत्या.