काळी चार आणि २०४८ बाइट

तुला पत्र लिहायला बसले, पण आज आडी महिन्याची अठरावी. पुष्य मंडपाच्या घाटावर पाय ठेवायला जागा नाही. बायका पिवळे दोरे बांधताहेत, ताडपत्राची कानातली अन् काळे मणी कावेरीत सोडताहेत. सासूबाई त्यांच्या तंजावरी मराठीत बजावताहेत, आधी चित्रान्नाचा डबा बंद कर, मग काय ते लिही. तू असतीस तर डबा बंद होण्याआधीच अर्धा संपला असता, हे मी त्यांना सांगून टाकलंय.

बातमी अशी की नणंदेच्या मुलाने गाण्याच्या बाईंसाठी श्रुतिपेटी केलीय. आपली लाडकी एटीमेगा ३२८ चिप, छोटा पडदा आणि सूर बदलायला एक नॉब. बाई काळी चारमध्ये गातात. पुष्य बहुल पंचमीला त्यागराजांच्या समाधीपाशी शेकडो गळे एकत्र पंचरत्न कृती गातात, त्यात दरवर्षी बसणाऱ्या. षड्ज केसभर हलला तरी त्यांची भुवई वर जाते. आणि ही पेटी, नॉब फिरवला की मध्येच गप्प व्हायची आणि पहिल्यापासून सुरू व्हायची! त्याआधी पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात ठिपके उमटायचे. बाईंना वाटलं, पोराने हौसेने कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, काढलाय. काय कौतुक करत होत्या म्हणून सांगू!

मला ते ठिपके बघून पवईतला आपला फायरबर्ड रोबो आठवला. त्याच्याकडे ८ केबी रॅम तरी होती. इथे सगळी मिळून २०४८ बाइट. तुझ्या मांजराच्या परवाच्या एका फोटोला अशा हजारभर चिपा लागतील गं.

कम्पायलर म्हणत होता, जेमतेम तिसरा हिस्सा वापरलाय. खोटं नव्हतं ते, पण त्याला फक्त आधीपासून ठरलेले व्हेरिएबल दिसतात. पडद्याची लायब्ररी चालू झाल्यावर स्वतःची जागा मागून घेते: १२८ गुणिले ६४ ठिपके, आठ ठिपक्यांना एक बाइट, म्हणजे १०२४. निम्मी रॅम, आणि अहवालात तिचा पत्ता नाही! वरून स्टॅक खाली उतरतो. नॉबचा इंटरप्ट नेमका पडद्यावर अक्षरं लिहिताना आला की स्टॅक सगळ्यात खोल जातो आणि पडद्याच्या जागेचं शेवटचं टोक खातो. शेवटचं टोक म्हणजेच उजवा खालचा कोपरा. बाईंचा कोलम तो हा.

मग आपली जुनी युक्ती केली. पडदा सुरू झाला की मधल्या सगळ्या मोकळ्या जागेत १७० हा एकच आकडा भरून ठेवायचा, पेटी वाजू द्यायची आणि खालून किती १७० शाबूत राहिले ते मोजायचं. घाटाच्या पायऱ्यांवर पूर कुठवर चढला ते ओलीवरून कळतं ना, तसं. नुसता सा वाजताना पुष्कळ उरायचे, नॉब फिरवला की एकही नाही. तुला सांगते, मोजायचं ते असं, खऱ्या गाण्यात, खऱ्या हाताने नॉब फिरवून. टेबलावर एकटी ठेवलेली पेटी काहीच सांगत नाही.

लहरीचा २५६ बाइटांचा तक्ता विनाकारण रॅममध्ये बसला होता. प्रोगमेम लिहून तो फ्लॅशमध्ये धाडला, पडद्यावरच्या मजकुरालाही तिथेच पाठवलं. फ्लॅश ३२ केबी, ती मोकळीच होती. तिथून वाचायला एखादं जास्तीचं चक्र लागतं, पण बाईंच्या कानालासुद्धा ते लागलं नाही. मग त्या तासभर गायल्या, मनात येईल तेव्हा नॉब फिरवला, आणि तरी दोनशेच्या वर १७० जागच्या जागी. मला इतका आनंद झाला की मी त्यांना वाकून नमस्कारच केला. त्या बावरल्या बिचाऱ्या!

आता त्यांची एकच तक्रार: कोलम का गेला? म्हणून पोराने खरा कोलम काढून फ्लॅशमध्ये ठेवलाय, पेटी सुरू होताना पडदाभर दिसतो. तो घातल्यावर मी पुन्हा १७० मोजले. एकही कमी झाला नाही. कोड सोबत पाठवतेय. आइंडहोवनला तुझ्या बोर्डावर चालवून बघ आणि किती उरले ते कळव.

तुझीच